एकदाच घातलेलं पाणी

आमच्या गावात जन्मलेल्या बहुतेक माणसांच्या कानावर पहिला आवाज पडला तो धोंडाआजीचा. मूल हातात आलं की त्याच्या नाका-तोंडातलं बोटाने काढून ती त्याला आपल्या तोंडासमोर धरायची आणि मोठ्याने विचारायची, "आलास? घावला का रस्ता?" मुलगी असली तर, "आलीस? लई बरं केलंस." मूल रडलं की ते रडणं म्हणजे उत्तर, असं समजून ती पुढच्या कामाला लागायची. नाही रडलं तर तिचा आवाज चढायचा. "मी काय विचारलं?" असं ती इतक्या जरबेने म्हणायची की बाहेर ओट्यावर बसलेले पुरुषही सावरून बसायचे.

माझ्याशीही ती असंच बोलली होती, असं अम्मा सांगते. मी तांबोळ्याचा मुलगा. प्रवरेच्या काठी, कोल्हारच्या अलीकडे आमचं गाव, आणि मोटारीच्या रस्त्याला लागून अब्बांचं पानाचं दुकान. नगरला नुकतंच कॉलेज निघालं होतं आणि आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. हे लिहिताना मला थोडी भीती वाटते. धोंडाआजी ख्रिस्ती, आम्ही मुसलमान. तिच्या धर्मातल्या गोष्टी मी सांगायच्या म्हणजे कुठेतरी चूक होणार. म्हणून जे समोर बसून पाहिलं आणि तिच्याच तोंडून ऐकलं, तेवढंच लिहितो.

ती उंच होती, हाडाने मोठी. हात मात्र लहान, एखाद्या मुलीसारखे. सकाळी मिश्री लावून होईपर्यंत ती कुणाशी बोलत नसे आणि त्यानंतर गप्प बसत नसे. तिला बोलवायला माणूस आला की ती पुढे आणि तो मागे. वाट तिला ठाऊक नसली तरी पुढेच. "कुठं वळायचं ते मागून सांग," म्हणायची.

बाळंतिणीच्या घरात शिरताच ती सगळ्यांत आधी पुरुषांना बाहेर काढायची आणि लाकडं फोडायला बसवायची. लाकडं आधीच रचलेली असली तरी. एकदा अब्बांनी विचारलं, "मावशी, एवढ्या लाकडांचं करता काय?"

"बाळंतपनाला न्हाई लागत एवढी," ती म्हणाली. "पुरुषाला लागत्यात."

चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी यशवंतराव हे शाळामास्तर होते. त्यांच्या पहिल्या मुलाच्या वेळी ते दाराशी उभे राहून मोठ्याने स्तोत्रं वाचत होते. धोंडाआजी बाहेर आली आणि म्हणाली, "यशवंता, देवाला ऐकू येतंय. त्या पोरीला जरा पडू दे." मग त्यांच्या हातातलं पुस्तक काढून कुऱ्हाड दिली. मास्तरांच्या हाताला फोड आले. ही गोष्ट गावात इतक्या वेळा सांगितली गेली की पुढे पुढे त्यांच्या शाळेतली मुलंही सांगू लागली. मास्तरांना ती कधीच आवडली नाही.

ती हट्टी होती, पण शिकायला तयार नसे असं नाही. मिशनच्या दवाखान्यातली एक नर्सबाई खेडोपाडी फिरून सुइणींना शिकवायची. तिच्याविषयी आजी म्हणे, "पानी उकळायचं बाईनं शिकिवलं, ते मी घेतलं. नख काढायचं शिकिवलं, ते बी घेतलं. बाळंतिणीला उताणी झोपवायचं शिकिवलं, ते तिचं तिला परत दिलं."

तिला सगळ्या आळ्यांतून बोलावणं यायचं. पाटलाच्या घरातून, आमच्यातून, मारवाड्याकडून. तिचा बाप महारवाड्यातला, पुढे ख्रिस्ती झालेला. एरवी ज्या घरांत तिला अंगणाच्या पुढे येऊ देत नसत, त्या घरांच्या आतल्या खोलीतला कोनाडान् कोनाडा तिला माहीत होता. याबद्दल ती रागाने बोलत नसे. हसून सांगायची, "मूल अडलं की उंबऱ्यावरची जात उठून जाती. मोकळं झालं की परत येऊन बसती. तेवढ्या वेळात मी माझं काम करून घेती."

आता तिच्या नावाविषयी सांगायला हवं. ज्या घरात आधीची मुलं जगत नाहीत, तिथे नंतरच्या मुलाला मुद्दाम वाईटसं नाव ठेवायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. दगडू, धोंडू, केरू, भिका. म्हणजे नजर लागत नाही, नेणाऱ्याला वाटतं की हे टाकाऊच आहे. हिंदू ठेवतात, आमच्यात ठेवतात, ख्रिस्ती होऊनही लोक ठेवतच राहिले. माझ्या आधी अम्माची दोन मुलं गेली, म्हणून मी घरात आणि गावात भिकन. माझं खरं नाव रशीद आहे, हे मला शाळेत घालताना अब्बांनी मास्तरांना सांगितलं तेव्हा कळलं. चांगलं नाव लपवून ठेवा, असा सल्ला आयांना देणारी धोंडाआजीच. "मला बी सांगू नका," म्हणायची. "माझं तोंड मोठं हाय."

तिच्याही आधीची दोन गेली होती, एक मुलगा आणि एक मुलगी. म्हणून ती धोंडा. ती लहान असतानाच प्लेगात तिचे आईबाप एकाच आठवड्यात गेले. मग तिला आजोळी आजीने वाढवलं. आजी ख्रिस्ती झालेली नव्हती. लग्नही तिकडच्याच पद्धतीने लागलं. नवरा लवकर वारला, तेव्हा ती बापाच्या गावात परत आली आणि बापाच्या देवळात, म्हणजे आमच्या गावच्या लहानशा चर्चमध्ये, पहिल्या बाकावर बसू लागली. त्या वेळचे म्हातारे पाळक तिच्या बापाला ओळखत होते. त्यांनी कधी काही विचारलं नाही.

त्या म्हाताऱ्या पाळकांनीच तिला एक गोष्ट शिकवली होती. पाळक तेव्हा बैलगाडीने गावोगाव फिरायचे, आमच्या गावी महिने महिने यायचे नाहीत. ख्रिस्ती घरातलं एखादं मूल जन्मताच जायला लागलं तर बाप्तिस्मा कोण देणार? त्यांनी आजीला शब्द पाठ करून घेतले. तीनदा पाणी घालायचं आणि म्हणायचं, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने. अशा कितीतरी मुलांना तिने पाणी घातलं होतं. काही जगली, त्यांना पुढे चर्चमध्ये नेलं आणि त्यांची नोंद झाली. जी गेली, त्यांची नोंद करायची रीत नव्हती. ती मुलं आयांच्या आणि धोंडाआजीच्या आठवणीतच होती.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन गावी आलो होतो, त्या उन्हाळ्यात हे सगळं घडलं. चर्चला नवे पाळक आले होते. नगर शहरात वाढलेले, तरुण, सरळ मनाचे. मंडळीच्या जुन्या बाप्तिस्मा-रजिस्टराला कसर लागली होती, म्हणून त्याची नवी प्रत करायचं त्यांनी ठरवलं. यशवंतरावांचं अक्षर सुरेख, तेव्हा लिहिण्याचं काम त्यांच्याकडे. एकेका माणसाचं नाव जुन्या रजिस्टरात शोधायचं आणि नव्या यादीत घालायचं. सगळ्यांची नावं सापडली. धोंडा, बापाचं नाव भिवा, ही कुठेच सापडली नाही.

एका रविवारी दुपारी ती दुकानासमोर येऊन उभी राहिली. उन्हाने आणि रागाने लाल झालेली.

"तांबोळी, पान लाव. चुना जास्त घाल."

"काय झालं मावशी?"

"मला प्रभुभोजन दिलं न्हाई. ताट माझ्या समोरून पुढं गेलं." प्रभुभोजन म्हणजे त्यांच्याकडे येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस घेतात तो विधी. बाप्तिस्मा झालेल्यालाच तो मिळतो. "म्हंतात, दप्तरात तुमी न्हाई. यशवंतानं उठून सांगितलं, सगळ्या देवळासमोर. पाळकसाहेब बिचारे म्हनले, आजी, काळजी करू नका, पुढच्या रविवारी मी तुमाला बाप्तिस्मा देतो, मग सगळं सुरळीत हुईल."

अब्बांनी पान बांधता बांधता म्हटलं, "मग घ्या की. पाच मिनिटांचं काम. पाणीच तर आहे."

ती अब्बांकडे अशी पाहत राहिली की अब्बांचा हात थांबला.

"दादा, तू मुसलमान हायेस. तुला उद्या कोनी म्हनलं, कागदात न्हाई, परत मुसलमान हो, तर होशील?"

अब्बांनी पान तिच्यासमोर ठेवलं.

"माझा झालाय. मी तान्ही हुते. पाळकीणबाईनं मला धरलं हुतं आन मी तिचा चष्मा ओढला. माझी आजी बाहेर लांब उभी राहून बघत हुती, ती सांगायची. झालेला परत घेतला म्हंजे पहिला खोटा. माझा बाप खोटा, ते पाळक खोटे. मी मरंन, पन दुसऱ्यांदा पानी घालून घेनार न्हाई."

मला तेव्हा वाटलं, हा नुसता म्हाताऱ्या माणसाचा हट्ट आहे. दोन दिवसांनी कळलं की तसं नव्हतं.

त्या दिवशी मी तिच्या घरी अम्माने दिलेलं सुपारीचं पुडकं पोचवायला गेलो होतो. दारात तारा उभी होती. तारा म्हणजे ख्रिस्ती वस्तीतली एक तरुण बाई. आदल्या पावसाळ्यात तिचा पहिला मुलगा जन्मला आणि थोड्या वेळात गेला. ती आत येत नव्हती, जातही नव्हती. शेवटी पदर तोंडाशी धरून म्हणाली, "आजी, येक विचारू? राग नका मानू."

"विचार की."

"तुमी माझ्या लेकराला पानी घातलं हुतं. आता समदी म्हंतात, तुमचाच झालेला न्हाई. मग माझ्या लेकराचं काय?"

धोंडाआजी गप्प झाली. मिश्री लावण्याची वेळ सोडून तिला गप्प बसलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. ताराने उत्तराची थोडी वाट पाहिली आणि निघून गेली.

नंतर पाळकांनी ताराला समजावलं होतं, की असा बाप्तिस्मा कुणीही दिला तरी देवाच्या दारी तो खरा. त्यांनी पुस्तकही उघडून दाखवलं. पण ताराला पुस्तकातलं नको होतं. ज्या हाताने पाणी पडलं, त्या हातावर तिचा विश्वास होता, आणि तोच आता खोटा ठरत होता. ती एकटी नव्हती. आसपासच्या वस्त्यांतूनही बाया विचारायला येऊ लागल्या. कुणाचं मूल गेल्या वर्षी गेलेलं, कुणाचं फार मागे. आता आजी काही हट्टासाठी अडून बसलेली नव्हती. दुसऱ्यांदा पाणी घेतलं असतं तर तिने आपल्याच तोंडाने त्या सगळ्या आयांना सांगितलं असतं, की तुमची मुलं तशीच गेली.

मग एके दिवशी ती दुकानात आली ती मला घेऊन जायलाच.

"भिकन्या, ऊठ. चर्चमधी चल. तुला जुनं अक्षर वाचाय येतं का?"

"येईल बहुतेक. पण आजी, ते तुमच्या धर्माचं रजिस्टर. मी कसा..."

"यशवंता वाचतो ते मला पटत न्हाई. तुला मी या हातानं सोडिवलंय, तू माझ्याशी खोटं बोलायचा न्हाईस. चल."

चर्चच्या ओसरीत पाळकांनी टेबल मांडून दिलं. मी वाचायला त्यांची काहीच हरकत नव्हती, उलट मला बसायला त्यांनी आपलीच खुर्ची दिली. त्यामुळे मी अधिकच संकोचलो. यशवंतराव नवी वही घेऊन शेजारी बसले. वस्तीतली काही माणसं पायरीवर येऊन टेकली. आजी जमिनीवर बसली आणि पदर डोक्यावरून ओढून घेतला.

"वाच. हळू वाच. धावू नगंस."

मी वाचू लागलो. मोडीतून बाळबोधीत आलेलं जुनं वळण, शाई विटलेली. नाव, बापाचं नाव, गाव, वय, कुणी धरलं. काही पानं गेल्यावर आलं, "भिवा मल्हारी, याच गावचा."

"माझा बाप," ती पुटपुटली.

पुढच्या पानावर होतं, "आनंदी, भिवा मल्हारी याची मुलगी, तान्ही. धरणारी, पाळकीणबाई."

मी थांबलो. यशवंतराव लगेच म्हणाले, "हे आम्ही पाहिलेलं आहे. ही हिची बहीण. हिच्या आधी एक मुलगा, एक मुलगी गेली, हे हिनेच गावभर सांगितलंय. ती ही मुलगी."

आजीने मान हलवली. "असंल. आधी येक मुलगी हुती खरी." तिने पुढे सरकून पानाकडे पाहिलं. "तिचं नाव आनंदी हुतं व्हय? मला कोनी सांगितलं न्हाई."

मला वाटलं, आता संपलं. पण ती म्हणाली, "वाच पुढं."

"आता पुढे काय वाचू, आजी? पुढची सगळी दुसऱ्यांची आहेत."

"मी सोडिवलेली हायेत त्यात. त्येंची तरी नावं ऐकू दे. वाच."

मी वाचत गेलो. "मोझेस, दादू लक्ष्मण याचा मुलगा."

"कोन?"

"मोझेस."

"दादूला मोझेस कुठला? दादूला येकच पोरगं. केरू. पायाळू हुतं, मला घामाघूम केलं हुतं त्यानं."

पायरीवरचे लोक हसले. मी पुढे वाचलं, "सालोमी, रंगनाथ याची मुलगी."

"रंगनाथाची?" आजी ताठ बसली. "अरं, ती भिकी! राहुरीला दिलेली भिकी! ती सालोमी?" तिने गुडघ्यावर थाप मारली. मग एकदम थांबली. "भिकन्या, मागं जा. सगळी पानं बघ. केरू हाय का?"

मी पाहिलं. "नाही."

"दगडू?"

"नाही, आजी."

"भिका? धोंडू?"

मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोट फिरवलं. एकही नव्हता.

"बघा, पाळकसाहेब," ती म्हणाली. "आमच्या आळीत 'दगडू' अशी हाक मारली तर निम्मी आळी मागं वळून बघती. आन तुमच्या दप्तरात येक दगडू न्हाई, येक केरू न्हाई. कुठं गेले सगळे?"

पाळक शहरातले. त्यांना ही रीत माहीत नव्हती. "कुठे गेले?" त्यांनी खरोखरच विचारलं.

"कुठं जातील? हायेत हितंच. आयांनी गावाला येक नाव सांगितलं आन पाळकाला येक. पाळकाला सांगितलेलं कोनापाशी काढायचं न्हाई. लेकराला हळद लागली की त्या दिवशी आई त्याच्या कानात सांगती, बाबा, देवाच्या घरी तुझं हे नाव हाय. तवर न्हाई." बोलता बोलता तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. "भिकन्या, तुझं शाळंतलं नाव काय?"

"रशीद."

"तुझ्या आईनं ते मला कधी सांगितलं?"

"नाही."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मग हात कपाळाला लावला. "आन मला हळद लागली तवा माझी आई कुठं हुती?" हे ती आमच्यापैकी कुणालाच विचारत नव्हती. "जल्मभर मी आयांना सांगत आले, चांगलं नाव लपवा. माझ्या आईनं बी लपवलं असंल, हे मला कसं सुचलं न्हाई?"

यशवंतरावांनी घसा साफ केला. "ही अटकळ झाली. पुरावा नव्हे. उद्या कुणीही येईल आणि म्हणेल, रजिस्टरातलं हे नाव माझंच."

आजी उठली. कंबरेवर हात ठेवून त्यांच्यासमोर उभी राहिली.

"यशवंता, तुझी आई तुला काय म्हनून हाक मारायची?"

मास्तर वहीकडे बघू लागले.

"तिन्हीसांजेला तिची हाक वेशीपातुर जायची. मी सांगू, का तू सांगतोस?"

"दगडू," मास्तर हळूच म्हणाले.

"मोठ्यानं बोल. पाळकसाहेबांना ऐकू आलं न्हाई."

"दगडू!"

"आन दप्तरात?"

मी पान शोधलं. मास्तरांनी माझ्या आधीच सांगितलं, "यशवंत." ओसरीवर असा हशा उसळला की पारावरची माणसं उठून आली. मास्तरांचे कान लाल झाले, पण मला नवल वाटलं ते याचं, की शेवटी तेही हसले.

पाळक मात्र हसले नव्हते. त्यांनी रजिस्टर स्वतःकडे ओढून घेतलं होतं. "आजी, तुमच्या आधीची ती दोन मुलं केव्हा गेली?"

"बाप ख्रिस्ती व्हायच्या आधी. पटकीनं गेली. ती गेली म्हनून तर बाप पाळकाच्या पाया पडला. म्हनला, आता हा देव बघू."

"तुमच्या पाठीवर कुणी?"

"कोनी न्हाई. मी, आन मग पलेग."

पाळकांनी एक बोट अलीकडच्या पानावर ठेवलं, दुसरं पलीकडच्या. "भिवाजींचा बाप्तिस्मा इथे आहे. ती दोन मुलं याच्या आधीच वारली होती, तर त्यांची नावं या रजिस्टरात असूच शकत नाहीत. आणि ही मुलगी पुढच्या पानावर आहे. ख्रिस्ती झाल्यानंतर भिवाजींना एकच मूल झालं." त्यांनी मान वर केली. त्यांचा चेहरा एखाद्या शाळकरी मुलासारखा उजळला होता. "आनंदीबाई!"

धोंडाआजीने मागे वळून पाहिलं, कोण आलं म्हणून.

मागे कुणीच नव्हतं. पायरीवरची एक बाई ओरडली, "आजे, तुमालाच म्हंतात!"

मग तिला ते समजलं. ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. दोन्ही हात वर करून तिने अशी आरोळी ठोकली की चर्चच्या कौलांवरची कबुतरं उडाली. मास्तर काही म्हणायला उठत होते, बहुधा माफी मागायला. ती त्यांच्यासाठी थांबली नाही. चपला ओसरीवरच टाकून तापल्या मातीतून ती वस्तीकडे चालत सुटली, सगळ्यांच्या पुढे, आणि बाकीचे तिच्या मागे. "ताराऽऽ! अगं तारेऽऽ! बाहेर ये!" ती हाक पारापर्यंत ऐकू आली. अब्बा दुकानातून बाहेर येऊन उभे राहिले. पाटलाच्या वाड्यातल्या बायका दारात आल्या. सगळं काही कळायच्या आधीच लोक हसू लागले होते.

मी पाळकांसमोरचं रजिस्टर मिटून त्यांच्या हातात दिलं. ते म्हणाले, "तुम्ही छान वाचलंत." मी त्यांना एवढंच म्हटलं, की मी फक्त वाचलं.

त्यानंतरच्या रविवारी मला नगरला परत जायचं होतं. मोटार यायला वेळ होता, म्हणून चर्चच्या दारापाशी उभा राहिलो. प्रभुभोजनाचं ताट त्या दिवशी आधी पहिल्या बाकावर गेलं. आजीने ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. भाकरीचा तुकडा घेऊन ती जागेवरून उठली, वळली आणि सगळ्या मंडळीकडे एकदा नजर फिरवून मग बसली. हे तिथल्या रीतीत बसणारं नसावं. बाहेर आल्यावर तिला कुणीतरी विचारलं, "आता तुमाला काय म्हनायचं? आनंदीआजी?"

"धोंडाच म्हना. ते नाव आईनं मला जगवायला ठिवलं, आन त्यानं काम केलंय. आनंदी वर गेल्यावर लागंल."

मग मला वाटलं, सगळे घरी जातील. पण ओसरीत पुन्हा टेबल मांडलेलं होतं. पाळकांनी प्रार्थनेनंतर सांगितलं होतं, की आजीने घरी बाप्तिस्मा दिलेली आणि न जगलेली मुलं यांची नावंही आजपासून नव्या रजिस्टरात लिहायची. यशवंतराव दौत-टाक घेऊन बसले होते. बाया रांगेत उभ्या होत्या. आमच्या गावच्या ख्रिस्ती वस्तीतल्या, पलीकडच्या गावातल्या, एक कोल्हारहून चालत आलेली. काही म्हाताऱ्या होत्या. आजी टेबलाला हात टेकून मास्तरांच्या डोक्यावर उभी होती.

मुलाचं नाव घेतल्याशिवाय पाणी घालता येत नाही. त्यामुळे त्या घाईच्या क्षणी आजी प्रत्येक मुलाला एक नाव ठेवायची. ते तिने आयांना कधी सांगितलं नव्हतं. नाव कळलं की रडायला आणखी एक जागा होते, असं तिचं म्हणणं. आता ती एकेक सांगत होती. आणि आठवण्यासाठी तिला जराही थांबावं लागत नव्हतं.

"नीट लिही, घाई करू नगंस," ती मास्तरांना म्हणाली. "हे ताराचं. मुलगा. दाविद."

मास्तरांनी लिहिलं. ताराने तोंडावरचा पदर बाजूला केला.

"दाविद," ती म्हणाली. मग मागच्या बाईकडे वळून तिला सांगितलं, "माझ्या मुलाचं नाव दाविद."

तेवढ्यात मोटारीचा भोंगा वाजला. मी ट्रंक उचलून धावलो. खिडकीपाशी जागा मिळाली. ओसरीवरून आजीने माझ्याकडे पाहिलं नाही, तिला तेवढी सवड नव्हती. मोटार सुरू झाली तरी तिचा आवाज इंजिनाच्या वरून येत होता.

"पुढं या गं. आता कोनाचं राहिलं?"